सारखाच आकडा

चेंबूर, नोव्हेंबर १९६९

प्रिय तुळसाताईस, तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. अक्षर अजून तसंच किरटं आहे. नावं न ठेवता वाच.

आधी बातमी. कारखान्यात साहेबांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि ती खरी तुझी आहे. कशी ते ऐक. इथे मोठ्या टाक्यांत रसायनं उकळतात. प्रत्येक टाकीला आतला दाब मोजणारं यंत्र असतं. पूर्वी आम्ही जिने चढून काटे बघायचो आणि आकडे लिहून आणायचो. आता थंडगार खोलीत कॉम्प्युटर बसवलाय, कपाटाएवढा, आणि थाट जावयाचा. तो तारेवरून एकेका यंत्राला त्याच्या क्रमांकाने हाक मारतो. ज्याला हाक, त्यानेच आपला आकडा कळवायचा. बाकीच्यांनी गप्प राहायचं. मला हसूच आलं. आपल्या कुडपण गावात असंच नव्हतं का? तू ओढ्याच्या अल्याडच्या माळावरून नाव घेऊन हाळी द्यायचीस, आणि पल्याडून ज्याचं नाव त्यानेच ओ द्यायची.

गेल्या महिन्यात भर दुपारी एका टाकीचा आकडा दर हाकेला अगदी सारखाच यायला लागला. सगळे खूश, दाब कसा स्थिर आहे म्हणून. मला मात्र ते पटेना. उकळत्या टाकीचा आकडा जरासा तरी हलतोच. मला लहानपणचा तो दिवस आठवला. मी पल्याड गुरांमागे होतो. तू विचारलंस, भाकर खाल्लीस का. मी म्हटलं हो. गुरं कुठं आहेत, हो. साप दिसला का, तरी हो. बाकीच्या बाया म्हणाल्या, पोर बरं आहे, उत्तर देतंय की. तू खुरपं टाकून ओढा ओलांडून आलीस. मी तापाने फणफणलो होतो. पाठुंगळी मारून पोलादपूरच्या दवाखान्यापर्यंत उतरलीस आणि वाटभर शिव्या घातल्यास. "रोज उलटं बोलणारा तू, आज नुसता हो हो! मला काय कळायचं नाय?"

मी टाकीखाली डबा खात बसलेल्यांना ओरडून उठवलं आणि दाब सोडायची झडप उघडायला लावली. यंत्राची नळी तुंबून काटा अडकला होता, आत दाब चढतच होता. कोणाला ओरखडाही आला नाही. ती माणसं आज घरी आहेत ती तुझ्यामुळे, आणि मी तर कधीचाच तुझ्यामुळे आहे. उपकार मानतो म्हटलं तर मारशील, तरी मानतो.

आता पत्राचं कारण. गणपतीनंतर चांगू गावाहून आला, तुझा निरोप विचारला तर म्हणाला, "बरी हाय." दिवाळीत महिपत आला, त्याच्याकडेही तेवढंच. परवा ठकूबाई आली, तिच्याकडेही तेच. ताई, तू कधी नुसती बरी नसतेस. तुझ्या निरोपात कंबर असते, सून असते, माकडांनी खाल्लेल्या काकड्या असतात. मी रजा टाकली आहे. शनिवारच्या एसटीने पोलादपूरला उतरून चालत वर येतो. नको येऊस असा निरोप धाडलास तरी येणार. दारात पाऊल टाकलं की भांड माझ्याशी, पोटभर भांड. नाही भांडलीस तर मला फार भीती वाटेल.

तुझाच,
सहदेव