परीक्षेला एकीनंच जायचं

अहो,

"नवऱ्यासंगं एकाच परीक्षेला बसू नगंस. तू पुढं गेलीस तर भावजींना सोसायचं न्हाई," असं जाऊबाई म्हणाल्या होत्या, तेव्हा मी हसले होते. मग पुण्याहून टपालानं आलेल्या माझ्या बी.ए.च्या पाठांनी तुम्ही रायबाच्या शेकाची शेगडी पेटवलीत आणि म्हणालात, "रद्दी वाटली." तुमचे पाठ मात्र कधी रद्दी वाटले नाहीत. तुम्ही शाळेवर गेलात की रायबाला मांडीवर घेऊन मी तेच वाचत होते.

परीक्षा आजपासून आहे. भोरहून सुटणाऱ्या पहिल्या मोटारीनं आम्ही दोघी जावा पुण्याला जातो, त्या माझ्या सोबतीला. घरात रायबा आणि तुम्ही. त्याला टाकून मागनं याल असे तुम्ही नाही, त्याच भरवशावर निघाले. तुम्ही पुढच्या वर्षी बसा. घरी राहून अभ्यास होतो, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?

पेज झाकून ठेवली आहे. शेगडीला गोवऱ्या कोपऱ्यात आहेत, कागद लागत नाहीत.

आणि तो आता पाळण्याची कड धरून उभा राहतो. चिठ्ठी पुन्हा वाचत बसू नका, आधी त्याला बघून या.