गोधडीतला प्रिंटर

रविवार, २० फेब्रुवारी २००५

प्रिंटर आला! डेल्फ्टच्या विद्यापीठातल्या एका डिपार्टमेंटने जुना म्हणून काढून टाकला होता. उल्हासच्या ऑफिसातला प्रणव व्हॅन घेऊन गेला आणि त्याने आणि उल्हासने तो उचलून आणला. इंकजेट, सहा रंगांचा, दोन फूट रुंद कागदाचा रोल लागतो. केवढं धूड!

उल्हास म्हणाला, हौस आहे तर कर, पण बैठकीत नको. मग मागच्या शेडमध्ये ठेवला, सायकलींच्या शेजारी. मी वाद घातला नाही. पुण्यात प्रेसमध्ये काम करायचे. इथे हॉलंडमध्ये, फोरबर्गला आल्यापासून मी फक्त उल्हासची बायको आणि ईशानीची आई. हात शिवशिवत होते नुसते.

पहिला प्रिंट ईशानीच्या फोटोचा काढला. 'मोय!' म्हणाली. छान म्हणजे. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते. चालायचंच.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

शेजारची रीट प्रिंटर बघायला आली. शाळेत शिकवायची, आता निवृत्त. एकटी असते. ईशानी तिला ओमा म्हणते, म्हणजे आजी. ईशानीचा प्रिंट तिने खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ पाहिला. मग घरी गेली — आणि बुटांचा एक खोका घेऊन परत आली. आत निगेटिव्हच निगेटिव्ह!

१९६३ चा हिवाळा. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, कॅमेरा वडिलांचा. इथला फ्लीट कालवा पार गोठला होता, सगळं गाव त्यावर. पुढे लग्न झालं, कॅमेरा कपाटात गेला. नवऱ्याने कधी विचारलं नाही आणि तिने काढलेले फोटो दाखवले नाहीत.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

उल्हासने कोणाकडून तरी निगेटिव्हचा स्कॅनर आणून दिला. (बोलतो एक, करतो एक!) दिवसभर तेच. बर्फावरून सायकल रेटत नेणारा दूधवाला. खुर्ची ढकलत स्केटिंग शिकणारी पोरं. फर कोट घातलेली एक बाई पडली आहे आणि पडल्यापडल्या हसते आहे. काय नजर होती या बाईची!

न राहवून मीच रीटला बिब्लिओथेकमध्ये, म्हणजे इथल्या वाचनालयात, घेऊन गेले. आपल्या मोडक्या डचमध्ये मीच बोलले. त्यांचं एक प्रदर्शन रद्द झालं होतं, भिंत मोकळी होती. बारा मार्चला उद्घाटन! बाहेर आल्यावर रीट माझ्यावर चिडली. मग सायकलच्या कुलपाशी खुडबुड करत म्हणाली, बारा म्हणजे शनिवार ना?

सोमवार, २८ फेब्रुवारी

टीव्हीवर सांगताहेत, आठवडाभर कडाक्याची थंडी. पारा शून्याच्या खूप खाली जाणार.

आणि प्रिंटर शेडमध्ये! इंकजेटची शाई म्हणजे बहुतेक पाणीच. गोठली की फुगते, आणि ज्या हेडमधून शाई उडते तेच तडकतं. या जुन्या मॉडेलचं हेड आता मिळत नाही. चौकशी केली. कुठेच नाही.

शाईच्या जादा डब्या आणि कागदाचे रोल घरात आणले, कपड्यांच्या कपाटात साड्यांखाली. प्रिंटर बटणानेच बंद केला. तसा केला की हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसतं, नुसता प्लग ओढला तर उघडं राहतं. आणि वर सासूबाईंनी पाठवलेली गोधडी! आत गरम पाण्याची पिशवी, हेडपासून लांब.

उल्हास दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, ईशानी लहान असताना तू एवढं केलं नव्हतंस.

मंगळवार, १ मार्च

शेडमध्ये दोन अंश. पिशवी तीनदा बदलली.

बुधवार, २ मार्च

बर्फ! सकाळी दार उघडलं तर गुडघ्याला लागेल एवढा ढीग. ईशानी वेडी झाली आनंदाने. मी आधी शेडमध्ये. थर्मामीटर शून्यावर.

हीटर लावावा म्हटलं, पण लाकडी शेड, आत गोधडी, कागद — रीटने हातच धरला माझा. प्रिंटर आता घरातच न्यायला हवा. मी उल्हासला फोन केला आणि बोलता बोलता रडायलाच लागले. काय हे! प्रिंटरसाठी!

तो दुपारीच आला, अर्ध्या वाटेपासून सायकल हातात धरून. आल्या आल्या स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्वयंपाकघराचं दार बिजागरीतून उतरवलं. मग आम्ही तिघं — एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी आणि रीट — गोधडीसकट उचलून बर्फातून. मधे माझा पाय सरकला. गेलं सगळं, असं वाटलं. पण रीटने आपलं टोक सोडलं नाही. चेहरा लालभडक, तोंडाने डचमध्ये काहीतरी, जे ती शाळेत नक्की शिकवत नसणार.

आत आणला तर ठेवायला जागाच नाही! उल्हासने चौफेर बघितलं.

"सोफा बाहेर काढू," म्हणाला.

सोफा शेडमध्ये, प्रिंटर बैठकीत! मी त्याच्या चहात आलं जास्त घातलं.

आज चालू करायचा नाही. थंडीतून उबेत आलं की आत दव धरतं. त्याला निवांत घराची हवा लागू दे.

गुरुवार, ३ मार्च

चालू केला. गुलाबी रंग गायब. पानभर पांढऱ्या रेघा. हेड साफ करायची कमांड दिली — रेघा. परत दिली — रेघा. रीट शेजारी बसून होती. मला तिच्याकडे बघवेना. तिच्या भिंतीचं स्वप्न मीच पाहिलं होतं ना.

थांबायचं ठरवलं. शाई अजून गार असेल. जेवलो, वरणभात. रीटने लोणचं दोनदा घेतलं. मग पुन्हा दिली कमांड.

सगळे रंग! एकही रेघ नाही!

पहिला दूधवाला काढला. कागद हळूहळू बाहेर येत होता — आधी आकाश, मग टोपी, मग सायकल. रीट जमिनीवरच बसली. म्हणाली, "हे मी काढलं होतं." मला सांगत नव्हती ती. स्वतःलाच.

शुक्रवार, ४ मार्च

बाहेर उणे नऊ. आत छपाई जोरात!

बुधवार, ९ मार्च

शेवटचा प्रिंट झाला. पाहुणे जमिनीवर बसतात, कोणाची तक्रार नाही. ईशानी चक्क मराठीत म्हणाली, "आई, आपला सोफा नको परत."

शनिवार, १२ मार्च

काय सांगू! बिब्लिओथेकमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारी माणसं फोटोंना नाक लावून आपले चुलते, आपली मास्तरीण शोधत होती. एक आजोबा खुर्ची ढकलणाऱ्या पोरापाशी उभे राहून नातवाला सांगत होते, हा मीच.

रीट निळा कोट घालून आली होती. तिला बोलायला सांगितलं तर माझं मनगट धरून पुढे नेलं आणि एवढंच म्हणाली, फोटो माझे आहेत, पण ते तुम्हाला दिसताहेत ते शामलामुळे. माझं आडनाव तिने चुकीचं घेतलं. चालेल!

आणि उल्हास! एका अनोळखी माणसाला सांगत होता, माझी बायको छापते हे, आमच्या बैठकीत. मी मागेच उभी होते. त्याला माहीत नव्हतं.

मंगळवार, १५ मार्च

उल्हासच्या कंपनीचा इथला प्रोजेक्ट बंद होतोय. जूनअखेर आम्ही पुण्याला परत, कायमचे. दुपारी रीट नवा खोका घेऊन आली — लग्नाआधीचे सगळे उन्हाळे. कुठून सुरुवात करायची, विचारत होती. मी म्हटलं, पहिल्यापासून.

अजून सांगितलेलं नाही तिला.