परक्याचा कोट

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

टोकियो,
३ डिसेंबर १९८२

प्रिय सौ. जगदेवी हिस,
अ. उ. आशीर्वाद. विनंती विशेष.

मी पोचलो. पुढं लगेच खुशाल आहे असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोललेलं मला पचत नाही. म्हणून आधी सगळं वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल. हे पत्र अव्वासमोर मोठ्यानं वाचू नकोस. तिनं विचारलं तर तुमचा पोरगा पोचला, तिकडं थंडी लई आहे, एवढंच सांग.

मुंबई सोडल्यापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता. टोकियोला उतरलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. बोअरच्या गाडीवर एवढ्या रात्रपाळ्या काढल्या, पण असा कधी थकलो नाही. वाटलं, आता खोलीवर नेतील, पाठ टेकीन. पण इथं नवा माणूस आला की त्याच संध्याकाळी त्याला घेऊन बाहेर बसायची रीत आहे. कंपनीचे मोरीसाहेब आणि त्यांची माणसं मला पेटीसकट गावात घेऊन गेली. नको म्हणणार होतो, पण ईश्वरप्पा शेठनी निघताना बजावलं होतं, तिथं कुणाचं मन मोडू नको, तू शिकायला निघालायस ते बोअरचं नवं मशीन आपल्याला मिळायचं आहे.

गाव कसलं गं ते! रात्र झालीय हे कुणाच्या गावीही नव्हतं. जमिनीपासून आभाळापर्यंत लाल-निळ्या दिव्यांच्या पाट्या, आणि त्यातलं एक अक्षर मला लागेल तर शपथ. एका दुकानात माणसं ओळीनं बसून पोलादी गोळ्यांचा कसला तरी खेळ खेळत होती, तो खडखडाट आपल्या दाल मिलच्या वरताण. दारादारात पोरंपोरी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावतात. एकीनं माझी बाही धरली तेव्हा मी शिव शिव म्हणत मोरीसाहेबांच्या मागं लपलो. हस तू, हस. टाय बांधलेले मोठमोठे साहेब खांबाला मिठी मारून उभे, आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. आपल्या माजघराएवढ्या जागेत सगळ्यांनी दाटीवाटीनं बसायचं, प्यायचं, उठायचं आणि शेजारच्या दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा बसायचं. मी आपला संत्र्याचा रस घेऊन बसलो. शेवटच्या जागी तर बसल्या बसल्या झोपलो.

आता मुद्द्याचं सांगतो. हाँगकाँगला विमान बदलताना एका चौकटीतून जावं लागलं. अंगावर धातू असला की ती ओरडते. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी मला काढायला लावली. झोपेच्या गुंगीत मी लिंग परत गळ्यात घालायचं सोडून कोटाच्या खिशात ठेवलं. इथं आत शिरलं की कोट दारातल्या खुंट्यांवर टांगतात, आणि सगळ्यांचे कोट काळे. निघताना एक उचलला आणि अंगात चढवला. रस्त्यात थंडीनं खिशात हात घातला, तर हाताला लागला लहान पोरीचा लोकरी हातमोजा. कोट परक्याचा होता गं. माझा कोट आणि त्यातलं इष्टलिंग कुणा दुसऱ्याच्या अंगावर निघून गेलं होतं.

मोरीसाहेबांना खुणांनी सांगितलं. त्यांना वाटलं, हा कोटासाठी रडतोय. उद्या नवा घेऊ म्हणाले आणि मला खोलीवर सोडून गेले. मी तसाच माघारी निघालो. ज्या गल्लीत बसलो होतो तसल्या गल्ल्या तिथं किती! प्रत्येक दाराला तसाच पडदा, तोच धूर, तीच हसणारी माणसं. मी पडदा सारायचा, खुंट्यांकडं बघायचं, हात जोडायचे आणि बाहेर यायचं. एका म्हाताऱ्या बाईला मी भुकेला वाटलो. तिनं वाफाळलेली वाटी पुढं केली. मी मान हलवून निघालो, तर ती दारापर्यंत मागं आली. डोळे उघडे असून मला दिसत नव्हतं. पाट्यांचे दिवे विझले, रस्ते झाडणारे आले, तरी मी हिंडत होतो. शेवटी एका पोलिसानं खोलीवर आणून सोडलं.

लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत. काल सकाळची पूजा विमानात झाली, ती शेवटची. आता पूजा कशाची करू आणि जेवू कसा? तू मठात जाऊन आपल्या गुरूंना, सिद्धराम अय्यांना विचार. तू म्हणशील तर तालीम अर्धी टाकून परत येतो. शेठ दुसरा माणूस पाठवतील, माझी नोकरी जाईल, जाऊ दे. या एवढ्या गर्दीत मला ओळखणारं तेवढंच एक माझ्याजवळ होतं.

महानंदाला माझ्याकडून पापा. उत्तराची वाट बघतो आहे, उशीर लावू नये.

तुझा,
मडिवाळप्पा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

रेणापूर, जि. लातूर,
२० डिसेंबर १९८२

घरच्या धन्यांच्या सेवेशी,
शि. सा. नमस्कार. विनंती विशेष.

पत्र आज हाती आलं. जिल्हा आपला वेगळा झाला, झेंडा बघायला तुम्हीच मला सायकलवर लातूरला नेलं होतं, आणि पाकिटावर उस्मानाबाद लिहून मोकळे झालात! पत्र आधी तिकडं फिरून आलं. तोवर तुम्ही काय खाल्लं, काय प्यायलं, की तसेच बसलात, ह्याच इचारात बसले. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली.

आधी शिव्या घेते घालून. लिंग खिशात ठेवतं का कुणी? चिल्लर हाय का ती? मुंबईला निघाला तेव्हा मी दोरा नवा ओवून दिला होता. आणि त्या बाहीवालीचं मला कशाला लिहिलं? मला हसू आलं न्हाई.

अव्वाला काही बोलले न्हाई. दळण टाकून येते म्हणून निघाले आणि मठात गेले. सिद्धराम अय्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, लिंग गुरूनं शिष्याच्या तळहातावर ठेवायचं असतं, ते टपालानं जात न्हाई. त्यासाठी त्याला माझ्यासमोर येऊन बसावं लागेल. झालं तर मग. तुम्ही निघून या.

शेठचं मशीन गेलं उडत. नोकरी गेली तर मी शेंगा फोडायला जाईन. तुम्ही गेल्यापासून घर खायला उठतंय. दिवस कामात जातो, पण दिवेलागणीला सायकलची घंटी वाजली की मी दारात येते, आणि ती मास्तरांची असती. महानंदा झोपेत तुमच्या बाजूला हात टाकते आणि उशी कवटाळून झोपते. मी कुणाला कवटाळू? लिहायला लाज वाटून राहिली, तरी लिहिते. लवकर या. मला तुमच्याशिवाय करमत न्हाई.

बाकी भेटीत बोलू. पायांशी ठेवलीय तशीच ठेवावी.

आपली,
सौ. जगदेवी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

रेणापूर, जि. लातूर,
२१ डिसेंबर १९८२

घरच्या धन्यांच्या सेवेशी,
शि. सा. नमस्कार. विनंती विशेष.

कालचं पत्र जाळून टाका. वाचलं असेल तर विसरा. आज सकाळी पोस्टात पळत गेले होते, पण थैली लातूरच्या गाडीनं निघून गेली. पोस्टमास्तरांपुढं रडले, तर ते म्हणाले, सरकारचं झालेलं टपाल आता माघारी येत न्हाई. म्हणून हे दुसरं लिहिते.

अय्यांचं बोलणं मी तुम्हाला अर्धंच लिहिलं. येऊन बसावं लागेल असं ते म्हणाले, हे खरं. पण त्याच दमात पुढं म्हणाले की त्याची घाई न्हाई. काम पुरं करून यावं. तोवर रोज आंघोळ करून डावा तळहात पुढं धरावा, लिंग हातावर हायच असं मनात आणून पाणी घालावं, विभूती लावावी आणि पोटभर जेवावं. पोरगा भुकेनं गेला तर मी लिंग कुणाच्या हातावर ठेवू, असं म्हणून ते माझ्यावरच ओरडले. एवढं सगळं मी गिळून बसले, कारण मला तुम्ही पायजे होता. अय्यांचं नाव पुढं करून मीच तुम्हाला बोलावत होते.

पत्र पेटीत टाकून आले तेव्हा खुशीत होते. जेवायला बसले आणि हातातला घास तसाच राहिला. माझ्या अर्ध्या बोलण्यावर तुम्ही तिकडं उपाशी राहाल, हे तोवर डोक्यात आलंच न्हाई बगा! असली कसली बायको मी. उठून अव्वाला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेते. पण ती लिंगाचं बोललीच न्हाई. तिकडं ज्वारी मिळती का, भाकरीबिगर पोरगा काय खात असल, एवढंच विचारत बसली.

आज टँकर आला न्हाई. वेशीतली विहीर बाहत्तर सालीसुद्धा आटली नव्हती, तिच्यात आता पोरं उतरून वाटीनं पाणी भरतात. शेजारची धुरपताबाई मला विचारत होती, तुझा नवरा काळ्या पाषाणाच्या खाली जाणारं मशीन घेऊन कधी येणार. मी काय सांगू तिला? मला करमत न्हाई म्हणून बोलावून घेतला, असं सांगू?

येऊ नका. शिकून या. जेवा. पोटभर जेवा, माझी शपथ हाय. माझा राग आला असला तर तो घरी आल्यावर काढा, पण पत्र पाठवायचं थांबू नका.

आपली,
सौ. जगदेवी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

टोकियो,
६ जानेवारी १९८३

प्रिय सौ. जगदेवी हिस,
अ. उ. आशीर्वाद. विनंती विशेष.

पाकीट बघ. जि. लातूर घातलंय, खाली दोनदा रेघ मारून.

आधी जीवाला घोर लावून घेऊ नकोस, मी जेवतो आहे. पहिलं पत्र टाकलं त्यानंतर कामाच्या आवारात मशीनजवळच चक्कर येऊन पडलो. दवाखान्यात त्यांनी माझ्या दंडातून बाटलीभर साखरपाणी आत सोडलं. ते तोंडानं घेतलेलं नाही, मग जेवण धरायचं का, हे अय्यांना विचारून ठेव. त्यानंतर मात्र भूक आवरली नाही. डोळे मिटून भात खाल्ला आणि खाल्ल्यावर हुंदके देऊन रडलो. रोज आंघोळीनंतर सवयीनं डावा हात पुढं यायचा, मी त्यावर पाणी घालायचो आणि वाटायचं, आपण देवाशीच नाटक करतोय. अय्यांनीही तसंच हातावर पाणी घालायला सांगितलं हे वाचलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. आता नीट चवीनं जेवतो.

मोरीसाहेबांना शेवटी दुभाष्या आणून समजावलं. ऐकल्यावर ते उठून उभे राहिले आणि माझ्यापुढं कमरेत वाकले. रोज काम सुटलं की ते स्वतः मला घेऊन त्या गल्ल्यांमधून फिरले. ज्या गर्दीत मी एकटा वेड्यासारखा हिंडलो, तिथं आता दुकानवाले मला ओळखतात. पण कोट मिळाला नाही. तो हातमोजा आम्ही पोलिसांकडं दिला आहे.

तुझी पत्रं एका दिवसाच्या अंतरानं आली. पहिलं वाचलं आणि मी तिथल्या तिथं पेटी भरायला घेतली. मोरीसाहेबांना सांगितलं, त्यांनी तिकिटाचं बघतो म्हटलं, शेठना तार करायचं ठरलं. रात्री मी झोपलो नाही, पण ते जागरण सुखाचं होतं. डोळ्यांपुढं आपलं दार होतं आणि दारात तू. दुसऱ्या दिवशी पेटीला दोरी बांधत होतो तेव्हा दुसरं पत्र आलं. ते वाचून पेटीवरच बसून राहिलो. मग दोरी सोडली.

तुझा राग कसला येईल? मी परत यावं असं तुला वाटलं आणि तसंच मलाही वाटलं. त्यात मला विचारशील तर तू माझ्यापेक्षा एक दिवस लवकर शहाणी झालीस, एवढाच फरक. काल खडक कापायचं काम प्रथमच माझ्या एकट्याच्या हाती दिलं. मशीन चांगलं चालतं. आपल्या काळ्या दगडाचं पाणी त्याला दाखवायचंय, तेव्हा धुरपताबाईला सांग, घागर घासून ठेव.

आता एकच. तुझं दुसरं पत्र मी ऐकलं, मार्चपर्यंत इथंच राहतो. पहिलं जाळून टाक म्हणालीस, ते मात्र ऐकणार नाही. लग्नाला सात वर्षं झाली जगदेवी, आणि तुमच्याशिवाय करमत नाही असं तू मला एकदाही म्हणाली नव्हतीस.

तुझाच,
मडिवाळप्पा