हौदातले किडे नदीच्या नावावर

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
नदीकाठ सिंचन तपासणी कक्ष, पुणे.

विषय : हौदातील किडे नदीचे म्हणून मोजल्याबाबत, व त्यावरून सील केलेला विहिरीचा पंप सुरू करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचा पंप सील करण्याचा आदेश.

महोदय,

मांजरी येथे पालेभाजी करणारी अर्जदार इंदुबाई रंगनाथ बोराटे हिचे म्हणणे असे की,

१) नदीचे पाणी सिंचनास अयोग्य असल्याने अर्जदारास विहिरीवर पंप चालविण्याची तात्पुरती परवानगी होती. नदी सुधारली का, हे पाहण्यास आपले पथक आले. पाण्यात कोणते किडे जगतात यावरून पाण्याची प्रत ठरते, असे पथकातील शेफाली मॅडमनी नीट समजावून सांगितले. पद्धत चांगली आहे. किड्यांविषयी अर्जदाराची तक्रार नाही.

२) जाळीत काळा गाळ आला. त्यात लाल अळ्यांखेरीज काही नव्हते, आणि लाल अळ्या म्हणजे पाणी वाईट, असे मॅडमच म्हणाल्या. गाळ धुण्यासाठी त्यांनी "मावशी, जरा स्वच्छ पाणी मिळेल का?" असे विचारले. दारी आलेल्यास पाणी नाकारण्याची अर्जदाराच्या घरात रीत नाही. तिने विहिरीच्या हौदातून बादली भरून दिली, व मॅडमनी ते पाणी गाळासकट पांढऱ्या ट्रेमध्ये ओतले. होम करताना हात पोळले ते इथे.

३) मॅडम जाळी धुवायला काठावर गेल्या. तोवर गाडीपाशी नाकाला रुमाल लावून उभे असलेले अनिरुद्ध साहेब पुढे झाले व त्यांनी ट्रेमधले किडे मोजले. त्यात शेपटीला तीन केस असलेली, स्वच्छ पाण्यातच जगणारी चिमुकली पिल्ले पोहत होती. "साहेब, ती आमच्या हौदातली हायेत," असे अर्जदाराने तिथल्या तिथे सांगितले. "मावशी, ट्रेमध्ये आलं की तो नमुना," असे उत्तर मिळाले. अहवालावर मॅडमची सही नाही, हे पाहावे.

४) सबब नदी स्वच्छ ठरली, आणि ज्या विहिरीच्या पाण्याने ती पास झाली त्याच विहिरीचा पंप सील झाला. नदी नासवणारे मोकळेच आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी. मेथीने माना टाकल्या आहेत. आता नदीचेच पाणी द्या, असा सल्ला आपल्या कार्यालयातून मिळतो. त्या पाण्यावरची कोथिंबीर अर्जदार स्वतःच्या नातवाला घालणार नाही, मग गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने विकावी? अर्जदारास अतोनात संताप आला आहे. अर्ज लिहून देणारी सून भाग्यश्री म्हणते, हे वाक्य अर्जात शोभत नाही. अर्जदार म्हणते, राहू दे.

५) तरी येत्या सोमवारी आपण स्वतः यावे. पंप बंद असल्याने हौद आटत आला आहे. उशीर केल्यास नदीला उसने द्यायलाही किडे उरणार नाहीत. अर्जदार ते काढून देईल, आपण आपल्या हाताने नदीच्या पाण्यात सोडावेत. पंचनामा लिहून होईपर्यंत त्यातला एक जरी वळवळला, तर पंपाची वायर अर्जदार स्वतः कापून देईल. नाही वळवळला, तर सील तिथेच काढावे.

हात धुवायला पाणी मात्र आपण घरून आणावे.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपली,
इंदुबाई रंगनाथ बोराटे
मांजरी, दि. १८ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) आदेशाची प्रत.
२) नदीचे पाणी, एक बाटली. खिडकी उघडून मगच झाकण काढावे.