पिवळे डोळे आणि कळसचं स्थळ

३ डिसें., भवानीनगर
खाज सुरू. आधी तळहात, मग तळपाय. म्हणजे कावीळ येणार. दोन-तीन वर्षांनी येतेच. आई म्हणते आबांच्या घराण्याचं, आबा म्हणतात तिच्या माहेरचं.

६ डिसें.
डोळे पिवळे. कॉलेजात रजा टाकली. शेजारच्या तात्यांनी कळशीभर उसाचा रस आणला. "कारखान्याच्या गावात ऱ्हाऊन काविळीला भितीस व्हय?" मावशीने गळ्यात काविळीची माळ घातली. आता माळेखालीही खाजतंय.

९ डिसें.
आई-आबांसह पुण्याला. डॉक्टर म्हणाले, दुर्मीळ, आनुवंशिक. पित्त अडतं, आपलं आपण सुटतं, परत येतं. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच होतं.
परतताना मोरगावजवळ आबा, "निम्मं-निम्मं हाय म्हणायचं."
आई, "पर तुमचं निम्मं जास्त जोर करतंय."

१४ डिसें.
पुढच्या रविवारी कळस गावचं स्थळ बघायला येणार. प्रशांत, इंदापूरला इंजिनियर. मागचे पाहुणे कावीळ ऐकून अर्धा चहा टाकून उठले होते. म्हणून आबा, "डोळं आल्यात म्हणू. काळा चष्मा घाल."
"आणि हात? हातबी आलेत म्हणायचं?"


१५ डिसें.
मीच प्रशांतला फोन केला. सगळं सांगितलं. परत परत येणार, गरोदरपणातही उफाळू शकते.
"मुलांना?"
"तुमच्यातही हाच दोष असला तर. तपासता येतं."
तो, "आईशी बोलतो."
त्याने फोन ठेवला. मी खाजवायचंसुद्धा विसरले.

१८ डिसें.
फोन नाही. आई विचारत नाही, नुसती माझ्या ताटात जास्त वाढते. भूक कुठाय.

२१ डिसें., रविवार
सकाळी प्रशांतचा फोन. "निघालोय. आई हाय संगं."
"मी अजून पिवळीच आहे."
"तिला म्हाईताय. म्हणती, पोरगी वाईटातली वाईट दिसती तवाच बघून घ्यावी."
हसले. मग रडू आलं. मग परत खाज.

त्याच दिवशी. आले! आई-आबा चहाला लागलेत, मी पाणी देऊन आत आलेय, दोन ओळी लिहिते. त्याच्या आईने दारातच माझ्या डोळ्यांत रोखून बघितलं. मी मान खाली घातली नाही.
"जय भीम, पोरी. फोटोपरीस लई उंच हायस की गं!"
मागं प्रशांत हळूच टाचा उंचावून उभा.
आई हाक मारतेय. जाते.