कोरलवरची जाळी

प्रणाली,

तू क्लासवर शिकवाले गेल्यावर तुह्या समुद्री कोरलच्या टाकीले मी हात लावला. पयले वाचून घे, मंग चिडजो.

कुलदीपनं हौसेनं आणलेला लाइट चांगला आहे. तो दुकानात वापस नेऊ नको अन् त्याच्याशी अबोलाही धरू नको. दुकानातल्या मंद उजेडात वाढलेल्या कोरलवर तुमी तो पयल्याच दिवशी पुरा सोडला, म्हणून ते पांढरं पडून राहिलं. चांदूर बाजारले आपण संत्र्याची नवी कलमं लावली, की उन्हाळाभर त्यायले तुराट्यांची सावली करतोच ना? गॅलरीतल्या हिरव्या जाळीचा तुकडा कापला, धुतला, चार पदरी केला अन् लाइट अन् पाण्याच्या मधात बांधून देला.

दुपारपर्यंत टाकीसमोर बसून पाहिलं, तं मिटून बसलेलं कोरल बोटं उघडून राहिलं होतं. तुही सासू गेल्यापासून मी इतका वेळ एका जागी बसलो नव्हतो.

आता एसटीनं गावाले चाललो. जाळी एकदम काढू नको. आठ-आठ दिवसांनी एकेक पदर कमी करा लागते, अन् मधात रोज कोणीतरी टाकीसमोर बसून पाहा लागते. तुमाले दोघायले कुठं सवड आहे?

तू दरवेळी इथंच राहा म्हणते, अन् मी दोन कपड्यांची पिशवी घेऊन येतो. पयला पदर काढाच्या आत येतो मी. या खेपेले पेटी घेऊन येतो.

बाबा