यादीतला तिसरा डबा

३ ऑक्टोबर
आलो एकदाचे स्क्रँटनला! घर जुनं, गिलाव्याच्या आत लोखंडी जाळी. त्यामुळे वायफाय जिन्यापर्यंत जाऊन मान टाकतं. माझी बायको लोरेन रात्रपाळीची नर्स, दिवसा वरच्या खोलीत झोपते. झोपण्याआधी बहिणीशी, पॅट्रिसशी, व्हिडिओवर बोलल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ग्लेन, भिंतींना हात लावशील तर बघ, असा तिने मला आल्याआल्याच दम दिलाय. कशाला लावतोय! जुन्या केबल टीव्हीची तार प्रत्येक खोलीत आहेच. तिच्यावरूनच इंटरनेट नेणारे दोन डबे मागवलेत.

५ ऑक्टोबर
एक डबा खाली माझ्या टेबलावर, राउटरला जोडलेला. दुसरा लोरेनच्या उशाशी. वीस मिनिटांत काम फत्ते. तार बाहेरून घरात शिरते तिथे बोटभर पितळी फिल्टर लावायचा असतो, नाहीतर आपला सिग्नल तारेवरून शेजाऱ्यांकडे जातो आणि त्यांचा आपल्याकडे. तो काही मी आणला नाही. एवढ्याशा कामाला कशाला हवा? पॅट्रिस लख्ख दिसली. लोरेनने खूश होऊन बटाट्याचं सारण भरलेले पिएरोगी तळले.

८ ऑक्टोबर
कॉम्प्युटरवर जोडलेल्या डब्यांच्या यादीत दोन दिसायला हवेत, तीन दिसतायत. तिसऱ्याला नाव नाही. शेजारच्या मिसेस कोव्हालना विचारलं. त्या म्हणाल्या, अरे पोरा, आमच्याकडे केबल होती ती नवरा होता तेव्हा, दोघं एकाच वर्षी गेले. मग पलीकडच्या कुणाचा तरी असेल. फिल्टर मागवला. आळस नडला, दुसरं काय.

१० ऑक्टोबर
मी कॉफीत साखर घेते का, असं लोरेनने आज मला विचारलं. म्हातारी झालीस, असं मी चिडवलं. ती हसली नाही.
तिसरा डबा ती झोपल्यावरच जागा होतो. माहिती एकाच दिशेने वाहते, तिच्या उशापासून त्याच्याकडे. मला हे मुळीच आवडत नाहीये.

११ ऑक्टोबर
फिल्टर घट्ट बसवला. आता बाहेरचं कुणी आत येणार नाही.

१२ ऑक्टोबर
तिसरा आहेच. सिग्नल उलट वाढलाय. म्हणजे तो शेजारचा नव्हताच, घरातलाच आहे. आणि फिल्टर आतलंही बाहेर जाऊ देत नाही. मीच त्याला आत कोंडलं.
तळघरातून चार तारा वर जातात. तीन खोल्यांत निघतात. चौथी भिंतीत शिरते आणि कुठेच निघत नाही.

१३ ऑक्टोबर
पॅट्रिसचा रडत फोन. लोरेनने तिला विचारलं म्हणे, तुम्ही कोण? आता मलाही भीती वाटतेय. भिंत फोडली. चौथ्या तारेचं टोक नुसतंच लोंबत होतं, कशालाही न जोडलेलं. ती कापली. वरचा डबाही उपटून आणला. लोरेन तेव्हा झोपली होती. यादीत तिसरा तरीही चालूच—

१४ ऑक्टोबर
पॅट्रिस येऊन तिला घेऊन गेली. गाडीत बसताना लोरेनने माझे आभार मानले. अनोळखी माणसाचे मानतात तसे. जीव तुटला.
पॅट्रिस म्हणाली, तूही चल, वेड्या. कसा जाऊ? तिच्या आठवणीतलं सगळं इथेच आहे, या भिंतींत. ते घेतल्याशिवाय नाही.

१५, दुपार
सगळ्या खोल्यांच्या भिंती फोडल्या. काही नाही. झोपायचं नाही. झोपायचं नाही—

संध्याकाळ
टेबलावरच डोळा लागला. दहाच मिनिटं. यादी पाहिली. आता माझ्या डब्यापासून त्याच्याकडे—
लिहून ठेवतो. कुणालातरी आठवायला हवं. लग्न जूनमध्ये. चर्चच्या पायरीवर तिची टाच मोडली, मग अनवाणीच आत. हसली की आधी नाक आक्रसतं. डोळे करडे. का हिरवे— करडे. तिला एक बहीण— भाऊ—
नाव. तिचं नाव आधी लिहायला हवं होतं. तिचं नाव